हाडातलं धरलेलं पाणी

सोलापूरच्या नवी पेठेत सणासुदीला चालायला वाट मिळत नाही. साड्या, तयार कपडे, चपला, भांडी आणि मधेमधे औषधांची दुकानं. या औषधांच्या दुकानांत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय जे सहज विकलं जातं, त्यात कॅल्शियमच्या गोळ्यांचा नंबर फार वरचा. कंबर धरली, गुडघे कुरकुरायला लागले, पन्नाशी उलटली, मागच्या वर्षी पडून मनगट मोडलं, काहीही सांगा, उत्तर तेच. त्याच्या जोडीला शहरात अधूनमधून हाडांच्या तपासणीची मोफत शिबिरं भरतात. टाच एका छोट्या यंत्रात ठेवायची, कागदाचा तुकडा हातात येतो, त्यावर एक आकडा असतो. आकडा बरा आला की माणूस निर्धास्त होतो, वाईट आला की कॅल्शियम सुरू करतो.

या सगळ्यामागे हाडाबद्दलची एक समजूत आहे: हाड म्हणजे चुन्याचा साठा. साठा भरलेला तर हाड मजबूत, कमी झाला तर ठिसूळ. ही समजूत खोटी नाही, पण अर्धीच खरी आहे. तिच्यातून जो अर्धा भाग गळला आहे, तो पाण्याचा. माझं म्हणणं असं आहे की हाड मोडणार की तगणार, हे त्यात खनिज किती आहे यावर जितकं ठरतं, तितकंच ते खनिज आणि त्याला धरणारे धागे पाणी किती धरून ठेवतात यावरही ठरतं. आपण मोजतो फक्त पहिलं, आणि त्यामुळे काही माणसांना उगाच धीर देतो.

ही समजूत आली कुठून, याचा अंदाज करता येतो. वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या वर्षी विद्यार्थ्याच्या हातात पडतं ते वाळलेलं हाड. ते उकळून, घासून, चरबी आणि रक्त काढून साफ केलेलं असतं. शाळेच्या प्रयोगशाळेतला सापळाही तसाच, आणि चिता विझल्यावर आपण ज्या अस्थी वेचतो त्या तर पुरत्या जळालेल्या. जिवंत हाड डोळ्यांनी पाहण्याची संधी शस्त्रक्रिया करणाऱ्यालाच मिळते, आणि त्याला दिसतं ते गुलाबीसर, ओलसर, रक्त पाझरणारं. शेकडो वर्षं आपण कोरडं हाड हातात घेऊन हाडाचा विचार केला. कोरड्या हाडात पाण्याचा प्रश्न सुचायचा तरी कसा?

मांडीच्या हाडाची जी घट्ट भिंत असते, तिच्या वजनात साधारण ६० ते ६५ टक्के खनिज असतं, २० ते २५ टक्के कोलॅजन आणि इतर सेंद्रिय द्रव्य, आणि १० टक्क्यांच्या आसपास पाणी. वजनाच्या हिशेबात पाणी किरकोळ वाटतं. पण खनिज जड असतं. जागेचा हिशेब मांडला तर त्या भिंतीचा जवळजवळ पाचवा भाग पाण्याने व्यापलेला असतो. दगडाच्या आत एवढं पाणी नसतं.

हे पाणी सगळं एकसारखं नाही. काही मोकळं असतं. १६९१ साली क्लॉप्टन हॅव्हर्स या इंग्रज वैद्याने हाडातल्या बारीक नळ्यांचं वर्णन केलं. त्या नळ्यांतून रक्तवाहिन्या जातात, आणि त्यांच्याभोवती त्याहून कितीतरी बारीक वाटांचं जाळं असतं. या वाटांतून वाहणारं पाणी म्हणजे मोकळं पाणी. दुसरं पाणी कोलॅजनच्या धाग्यांना आणि खनिजाच्या स्फटिकांना चिकटलेलं असतं, ते सहज निघत नाही. तिसरं त्याहून आत शिरलेलं असतं. कोलॅजनचा रेणू तीन दोऱ्यांचा पीळ असतो. हा पीळ मद्रास विद्यापीठात गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४ मध्ये मांडला, हे आपल्या देशातल्या विज्ञानाचं मोठं काम आहे, आणि ते आपल्या पाठ्यपुस्तकांत असायला हवं तितकं नाही. पुढे १९९४ मध्ये कोलॅजनसारख्याच एका छोट्या रेणूच्या स्फटिकाचा तपशीलवार नकाशा निघाला, तेव्हा दिसलं की त्या पिळाभोवती पाण्याच्या रेणूंचे पूल बांधलेले आहेत. एक दोरा दुसऱ्याला ठिकठिकाणी पाण्याच्या मध्यस्थीने धरून आहे. खनिजाच्या बाजूनेही तसंच. हाडातले स्फटिक एकाच दिशेने शिस्तीत मांडलेले असतात, आणि ही मांडणी होण्यात पाण्याचा हात असल्याचं फ्रेंच संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं. म्हणजे पाणी हाडाच्या रिकाम्या जागेत नुसतं भरलेलं नाही. ते बांधकामातच आहे.

सोलापूरकराला ही गोष्ट समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत. या शहरात १८७७ साली पहिली कापड गिरणी उभी राहिली, आणि इथल्या कोरड्या हवेत सूत तुटू नये म्हणून माग चालतात तिथली हवा दमट ठेवावी लागते, हे कामगारांच्या पिढ्यांनी अनुभवलं आहे. हाताला अगदी कोरडं वाटणारं सूतही आत पाणी धरून असतं. सुताच्या व्यवहारात तर त्याचा रीतसर हिशेब आहे: कापसाच्या सुतात कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्के ओलावा धरून सौदा होतो, आणि वाद झाला तर नमुना भट्टीत वाळवून पुन्हा तोलतात. हे पाणी सुतावर शिंपडलेलं नसतं, धाग्याने स्वतः ओढून धरलेलं असतं. ते गेलं की तेच सूत, तेवढंच जाड, तेवढाच कापूस असलेलं, जरा ताण आला की तुटतं. हाडातल्या कोलॅजनचं आणि त्याला चिकटलेल्या पाण्याचं नातं याच जातीचं आहे.

हाड वाळवलं तर काय होतं, हे प्रयोगशाळेत तपासून झालं आहे. वाळलेलं हाड अधिक ताठ होतं. त्याला वाकवायला जास्त जोर लागतो, म्हणून वरवर पाहता ते अधिक मजबूत वाटतं. पण मोडण्याआधी ते जितकी ऊर्जा पचवू शकतं, ती झपाट्याने घटते. ओलं हाड धक्का बसला की सूक्ष्म प्रमाणात वाकतं, आतले थर एकमेकांवरून किंचित सरकतात, बारीक चिरा पडतात पण त्या जागीच अडतात. वाळलेल्या हाडात पहिली चीर पडली की ती थेट आरपार जाते. हाडांच्या ताकदीचा अभ्यास करणारे म्हणूनच नमुना चाचणीभर मिठाच्या पाण्याने ओला ठेवतात. कोलॅजन वाळताना आक्रसतं आणि त्या आक्रसण्यातून स्नायूच्या ओढीपेक्षा कितीतरी पटीने मोठा ताण तयार होतो, हेही गेल्या दशकात मोजलं गेलं. वयाबरोबर माणसाच्या हाडात असाच पालट सावकाश होतो: छिद्रं वाढतात म्हणून मोकळं पाणी वाढतं, आणि धाग्यांनी धरलेलं पाणी घटतं. नुसतं एकूण पाणी मोजलं तर हा पालट लक्षातही येत नाही.

आता त्या आकड्याकडे येतो, कारण खरा वाद तिथे आहे.

१९९० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. पाळी गेलेल्या, मणके दबलेल्या २०२ स्त्रियांपैकी निम्म्यांना चार वर्षं रोज सोडियम फ्लोराइड दिलं, आणि कॅल्शियम दोन्ही गटांना. फ्लोराइड घेणाऱ्यांच्या मणक्यांची घनता ३५ टक्क्यांनी वाढली. आकड्याच्या भाषेत हा चमत्कार होता. पण मणके दबण्याचं प्रमाण म्हणावं तितकं कमी झालं नाही, आणि मणक्याखेरीज इतर हाडं मोडण्याचं प्रमाण उलट कितीतरी वाढलं. हाड भरलं, आणि मोडलं.

त्यानंतर ९ वर्षांनी, १९९९ मध्ये, रॅलॉक्सिफीन या औषधाच्या मोठ्या चाचणीचे निकाल आले. २५ देशांतल्या ७,७०५ स्त्रिया त्यात होत्या. या औषधाने मणक्यांची घनता वाढली ती जेमतेम दोन-तीन टक्के. तरी मणके मोडण्याचं प्रमाण ३० ते ५० टक्क्यांनी खाली आलं. घनतेत एवढीशी वाढ आणि फायदा एवढा, हे कोडं बराच काळ सुटत नव्हतं. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या संशोधकांनी मग एक साधा प्रयोग केला. कुत्र्यांच्या आणि माणसांच्या हाडाचे तुकडे, ज्यांत एकही पेशी जिवंत नव्हती, ते या औषधाच्या द्रावणात भिजवून ठेवले. जिवंत पेशी नाही म्हणजे नवं हाड बनायचा प्रश्नच नाही, खनिज वाढायचा प्रश्न नाही. तरीही ते तुकडे अधिक चिवट झाले, आणि त्यांच्यात पाणी वाढलेलं आढळलं. २०१४ मध्ये हे काम छापून आलं. या औषधाने खुब्याचं मोडणं थांबत नाही, रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो, तेव्हा कुणीही ते स्वतःच्या मनाने घेऊ नये. पण या दोन चाचण्या शेजारी ठेवल्या की हाडाकडे केवळ चुन्याचा साठा म्हणून पाहता येत नाही.

फ्लोराइडचं उदाहरण आपल्याला मेयो क्लिनिकमधून आणायचीही गरज नव्हती. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत कूपनलिकेच्या पाण्यात फ्लोराइड ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त आहे. मर्यादा आहे लिटरला १ मिलिग्रॅम, आणि दुसरं पाणी मिळतच नसेल तर दीड. वर्षानुवर्षं असं पाणी पिणाऱ्यांचे दात पिवळे-तपकिरी पडतात, पाठ ताठते, सांधे आखडतात. त्यांच्या क्ष-किरण चित्रात हाडं अधिक दाट, अधिक पांढरी दिसतात. घनतेच्या यंत्रासमोर अशा माणसाला उभं केलं तर यंत्र त्याला उत्तम गुण देईल. फ्लोराइड स्फटिकात शिरतं, स्फटिकाचा आकार बदलतं, आणि स्फटिक व कोलॅजन यांच्यातला दुवा बिघडवतं. तयार होणारं हाडही वेडंवाकडं रचलं जातं. भारतात हा आजार १९३७ मध्ये मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागातून प्रथम नोंदला गेला. तेव्हापासून हा धडा आपल्यापुढे होता: दाट हाड म्हणजे चांगलं हाड नव्हे.

मधुमेहाचं प्रकरण याहून जवळचं आहे, कारण ते घराघरांत आहे. मोठेपणी होणाऱ्या मधुमेहात रुग्णाची घनता बहुतेक वेळा ठीक येते, कधी सामान्यांपेक्षा जास्तही येते. तरी तेवढीच घनता असलेल्या निरोगी माणसापेक्षा त्याचं हाड मोडण्याची शक्यता अधिक असते. हे आता जगभर मान्य आहे. रक्तातली जादा साखर कोलॅजनला चिकटते, धाग्यांमध्ये नको तिथे गाठी बसतात, धागे ताठर होतात, त्यांचं एकमेकांवर सरकणं थांबतं. अशा धाग्यांना पूर्वीसारखं पाणी धरता येत नाही, असा संशोधकांचा रोख आहे. या दुव्याचं काम अजून चालू आहे, पण हाड मोडण्याचा धोका वाढतो हे मात्र पक्कं आहे. नवी पेठेतल्या दुकानात दिवसभर गल्ल्यावर बसणारा, साखर दोनशेच्या वर असणारा आणि शिबिरात चांगला आकडा मिळवून आलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. त्याला त्या कागदाने जो धीर दिला, तो देण्याचा अधिकार त्या कागदाला नव्हता.

इथे एक सोपा निष्कर्ष काढायचा मोह होतो, आणि तो मोडून काढणं मला महत्त्वाचं वाटतं. हाडात पाणी हवं, तर भरपूर पाणी प्या! असा सल्ला लवकरच कुणीतरी बाटलीवर छापेल. पाणी पिण्याने रक्त, मूत्रपिंड, शरीराचं तापमान यांचं भलं होतं. ज्या शहरात मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो आणि उजनी धरणाचं पाणी नळाला काही दिवसांआड येतं, तिथे पुरेसं पाणी पिणं हा जगण्याचा प्रश्न आहे, त्याला हाडांचं निमित्त जोडायची गरज नाही. पण धाग्याची धरून ठेवायची ताकदच गेली असेल तर वरून ओतलेलं पाणी हाडात थांबत नाही. प्रश्न किती प्यायलो याचा नसून हाडाने किती धरलं याचा आहे. ते ठरतं कोलॅजनच्या तब्येतीवर, आणि कोलॅजनची तब्येत ठरते वय, साखर, पोषण आणि हालचालीवर.

हालचालीवर थोडं थांबायला हवं, कारण इथे मोकळं पाणी कामाला येतं. प्रौढ माणसाच्या हाडांत ऑस्टिओसाइट नावाच्या सुमारे ४२ अब्ज पेशी गाडलेल्या असतात. प्रत्येकीचे बारीक हात त्या सूक्ष्म वाटांमधून पसरून शेजारणीला स्पर्श करतात. हाडावर भार आला की ते केसभराहूनही कमी वाकतं, एका बाजूला दाब पडतो, दुसरीकडे ढिलाई येते, आणि वाटांमधलं पाणी दाबाकडून ढिलाईकडे सरकतं. त्या सरकण्याचा स्पर्श पेशींना होतो. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या शेल्डन वाइनबाउम आणि स्टीफन कॉविन यांनी हे गणिताने मांडलं. पेशींना हाडाचं वाकणं थेट कळत नाही, पाण्याचं वाहणं कळतं. त्यावरून त्या ठरवतात की इथे हाड बांधायचं की काढून टाकायचं. त्याच प्रवाहाबरोबर पेशींपर्यंत अन्न पोहोचतं आणि टाकाऊ द्रव्य बाहेर जातं. शरीर हललं नाही तर पाणी हलत नाही, पाणी हललं नाही तर पेशींना निरोप मिळत नाही. अंतराळात राहणाऱ्यांच्या खुब्याचं हाड महिन्याला टक्का-दीड टक्का झिजतं, ते याचमुळे. कॅल्शियम तिथेही खाल्लं जातं.

आता सोलापूरच्या पूर्व भागात जा. तिथल्या हजारो बायका विड्या वळतात. मजुरी हजार विड्यांवर ठरते, म्हणून सकाळी सूप मांडीवर घेतलं की संध्याकाळपर्यंत मांडी मोडत नाही. मान खाली, पाठ वाकलेली, बोटं सोडून बाकी शरीर स्थिर, घर अंधारं, ऊन अंगावर येत नाही. या बायकांना पंचेचाळिशीत कंबर धरल्यावर कॅल्शियम सांगितलं जातं. त्यांच्या आहारात कॅल्शियम खरंच कमी असतं आणि ते मिळायलाच हवं, नाचणीतून, तिळातून, ताकातून, जमेल तसं. पण हाडाला मिळालेलं कॅल्शियम कुठे बसवायचं, हे सांगणारा निरोपच पाण्यातून गेला नाही तर? त्यांना जड कसरतीची गरज नाही. १९८४ मध्ये क्लिंटन रुबिन आणि लान्स लॅन्यन यांनी पक्ष्याच्या पंखातल्या हाडावर भार देऊन पाहिला: दिवसात ३६ वेळा भार दिला तर हाड वाढलं, १,८०० वेळा दिला म्हणून त्याहून जास्त वाढलं नाही. हाडातल्या पेशी थोड्या झटक्यांनी जाग्या होतात आणि मग विश्रांती मागतात. तासाला एकदा उठून दहा वेळा टाचा उचलून जमिनीवर आपटणं, दोन जिने चढणं, एवढंही हाडाच्या कानावर पोहोचतं. डोक्यावर हंडे वाहणं हा मात्र व्यायाम नव्हे, ते मणक्यांवर लादलेलं ओझं आहे, त्याचं कौतुक कुणी करू नये. विडी कामगारांच्या संघटनांनी मजुरीबरोबर उठायच्या वेळेचाही करार मागावा, असं मला मनापासून वाटतं. कुंभारीला या बायकांसाठी घरकुलांच्या मोठ्या वसाहती उभ्या राहिल्या, ती याच संघटनांच्या लढ्याची मिळकत आहे. शरीरासाठी लढणं त्याहून अवघड नसावं.

घनतेच्या बाजूने बोलणाऱ्यांचंही ऐकायला हवं. घनता मोजणाऱ्या डेक्सा या क्ष-किरण यंत्राची तपासणी स्वस्त आहे, पटकन होते, आणि लाखो लोकांवर तिची पडताळणी झाली आहे. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने घनतेच्या आकड्यासाठी, म्हणजे टी-स्कोअरसाठी, उणे अडीचची रेषा आखली, तेव्हापासून जगभर एका मापाने बोलता येऊ लागलं. आकडा खूप खाली असणाऱ्यांना योग्य औषध मिळालं की खुबा मोडण्याचा धोका निम्म्याने कमी होतो, हे छोटं यश नाही. मी ती तपासणी बंद करा म्हणत नाही. पण हाड मोडून येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसं त्या रेषेच्या वर, म्हणजे ‘सुरक्षित’ बाजूला असतात, हेही त्याच आकड्यांनी दाखवलं आहे. जे यंत्र पाणी पाहूच शकत नाही, त्याचा निकाल अंतिम मानणं ही यंत्राची चूक नाही, आपली आहे. आणि शिबिरातली टाचेची ध्वनिलहरींची तपासणी तर डेक्साही नव्हे.

म्हणून शिबिर भरवणाऱ्यांनी कागद हातात देण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात: साखर आहे का, याआधी साध्या पडण्यातून हाड मोडलं का, आई-वडिलांचा खुबा मोडला होता का, दिवसातले किती तास एका जागी बसून जातात. यातल्या पहिल्या तीन प्रश्नांना तर हाडाचा धोका मोजणाऱ्या डॉक्टरांच्या जगात आधीपासून मान आहे, फक्त शिबिरांच्या मांडवापर्यंत ते पोहोचलेले नाहीत.

आणि संशोधन इथेच होऊ शकतं. हाडातलं पाणी दाखवणाऱ्या खास एमआरआय पद्धती निघाल्या आहेत, पण त्या महाग आहेत आणि मोजक्या ठिकाणी आहेत. साधा मार्ग मात्र आपल्या हातात आहे. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी खुबा मोडलेल्या रुग्णाला कृत्रिम सांधा बसवताना मांडीच्या हाडाचं डोकं कापून काढावं लागतं. रुग्णाची आणि नीती समितीची परवानगी घेऊन त्यातला एक तुकडा तोलायचा, आधी फिरकी यंत्रात मोकळं पाणी काढायचं आणि पुन्हा तोलायचं, मग १०५ अंशांच्या भट्टीत वाळवून तिसऱ्यांदा तोलायचं. शेजारी रुग्णाचं वय, साखरेची नोंद, कामाचा प्रकार आणि घनतेचा आकडा लिहायचा. यंत्रमागवाला, विडीवाली, गल्ल्यावर बसणारा, शेतमजूर, प्रत्येकाच्या हाडाने किती पाणी धरलं होतं याची एक वही दोन-तीन वर्षांत भरेल. सूत तोलायला या शहरात जी भट्टी आणि जो काटा वापरला गेला, त्याच तत्त्वाची साधनं याला पुरतात.